सहा जणांचं एक सराव-उड्डाण

३० जानेवारी १९४२ या दिवशी इंग्लंडच्या मध्यभागातल्या ब्रॅमकोटच्या हवाई तळावरून एक वेलिंग्टन बॉम्बर उत्तरेकडे निघालं. आत सहा पोलिश तरुण होते. त्यांना जर्मनीवर जायचं नव्हतं, कोणावर हल्ला करायचा नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधाराने लांबचा पल्ला मारायचा आणि परत तळावर उतरायचं, एवढाच त्या दिवसाचा धडा होता. यॉर्कशरच्या डोंगरांवर त्यांना हिमवादळाने गाठलं. तळापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, बकडन पाइक नावाच्या डोंगराच्या माथ्याजवळ विमान आदळलं. पाच जण गेले. शेपटीच्या टोकाशी बसलेला गनर, युझेफ फुश्न्याक, तेवढा वाचला.

लीड्सला राहायला आल्यापासून मी यॉर्कशर डेल्सच्या डोंगरांत बरीच फिरते. बकडन पाइकवर पहिल्यांदा गेले तेव्हा या विमानाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. वर क्रूस दिसला, त्यावरचं वाचलं आणि त्यानंतर जे जे मिळेल ते वाचत गेले. आज लिहिते आहे ते त्या वाचनातून आणि त्या डोंगरावर पुनःपुन्हा जाण्यातून साठलेलं.

डोंगर फार उंच नाही, ७०२ मीटर. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथली उंची आकड्यावरून मोजू नये. खाली वॉर्फ नदीचं खोरं हिरवंगार, चुनखडीचं, मेंढ्यांचं आणि गडग्यांचं. चुना-माती न वापरता दगडावर दगड रचलेले हे गडगे थेट माथ्यापर्यंत चढत जातात. वर गेल्यावर चुनखडी संपते आणि काळी, पाणथळ पीटची जमीन सुरू होते. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. झाड एकही नाही. वारा अडवेल असं त्या गडग्यांशिवाय काही नाही. भर उन्हाळ्यातही ढग उतरला की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. १९४२ चा जानेवारी तर ब्रिटनमधल्या लागोपाठच्या तिसऱ्या कडक हिवाळ्यातला.

वेलिंग्टन विमानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फुश्न्याक कुठे बसला होता हे कळल्याशिवाय पुढचं नीट समजत नाही. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने या विमानाचा सांगाडा वेगळ्याच पद्धतीने रचला होता. धातूच्या पट्ट्या तिरक्या एकमेकींत गुंफून टोपली विणावी तशी जाळी, आणि त्या जाळीवर ताणून बसवलेलं, रसायन चोपडून कडक केलेलं कापड. जाळीचा एक भाग तुटला तरी बाकीचा भार पेलत असे. त्यामुळे अंगाला भली मोठी भगदाडं पडलेली वेलिंग्टन मोहिमेवरून परत आल्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. पण टोपली कितीही चिवट असली तरी ती डोंगराशी टक्कर घेण्यासाठी केलेली नसते.

पुढे वैमानिक, त्याच्यामागे नॅव्हिगेटर आणि वायरलेस ऑपरेटर, आणि अगदी शेवटी, सगळ्यांपासून दूर, काचेच्या फिरत्या बुरुजात मागचा गनर. बाकीच्यांशी त्याचा संबंध फक्त इंटरकॉमवरच्या आवाजाचा. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही, कुठून आलो तेवढंच दिसतं. प्रत्यक्ष लढाईत ही जागा सगळ्यांत धोक्याची समजली जाई, कारण शत्रूची लढाऊ विमानं मागूनच येत. त्या दिवशी मात्र विमान आदळताना शेपटीचा भाग तुटून बाजूला पडला आणि त्याच जागेमुळे एक माणूस जिवंत राहिला.

फुश्न्याकचा घोटा मोडला होता. तशा अवस्थेत तो अवशेषांपाशी गेला, साथीदारांना शोधलं. वायरलेस ऑपरेटर सादोफ्स्की जिवंत होता, पण इतका जखमी की त्याला हलवणं अशक्य. फुश्न्याकने त्याला पॅराशूटच्या कापडात गुंडाळलं आणि मदत आणायला तो डोंगर उतरू लागला. इथे मी नेहमी थांबते. मदत कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. कोणत्या डोंगरावर पडलोय हेही माहीत नव्हतं. चारही बाजूंना पांढरं, वारा सुटलेला, पायात हाड मोडलेलं. अशा वेळी सादोफ्स्कीपाशी बसून राहणं हाही एक निर्णय होता, आणि त्याला कोणीही नावं ठेवली नसती.

बर्फात त्याला पावलांचे ठसे दिसले. खोकडाचे. भर हिवाळ्यात भुकेलं खोकड माणसांच्या वस्तीकडे जातं, तिथे कोंबड्या असतात, उष्टं-खरकटं असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या ठशांमागून तो सरपटत, घसरत उतरत राहिला. ठसे क्रे नावाच्या इवल्याशा वस्तीपर्यंत गेले आणि तिथल्या ‘व्हाइट लायन’ नावाच्या सरायच्या लोकांनी त्याला घरात घेतलं. वर मात्र कोणी वेळेत पोहोचू शकलं नाही. सादोफ्स्की डोंगरावरच गेला.

खोकडाची ही गोष्ट या भागात सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती सांगताना लोकांचा आवाज बदलतो. मलाही ती आवडते. पण ती इतकी सुरेख आहे की तिच्यामागे बाकीचे पाच जण झाकले जातात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून त्यांची नावं इथे लिहिते: कुयावा, पोल्चिक, ब्येगान्स्की, तोकाझेफ्स्की, सादोफ्स्की. ती मराठीत कदाचित फारशी लिहिली गेली नसतील.

‘सरावात गेले’ हे शब्द ऐकले की आपल्या मनात नकळत एक पायरी खालची जागा तयार होते. लढताना मेला तो वीर, सरावात मेला तो दुर्दैवी. मला हा फरक मान्य नाही, आणि आकडे पाहिले तर तो टिकतही नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसं विमानातून उडाली. त्यांतली ५५ हजारांहून अधिक मेली. यांपैकी आठ हजारांहून जास्त मृत्यू प्रशिक्षणात आणि अशाच बिगर-मोहिमेच्या अपघातांत झाले. म्हणजे दर सहा-सात मृतांमागे एक जण शत्रूच्या गोळीशिवाय गेला. पीक डिस्ट्रिक्ट, पेनाइन्स, वेल्स, स्कॉटलंड, जिथे जिथे उंच आणि ओसाड जागा आहे तिथे या विमानांचे तुकडे अजून पडलेले आहेत.

इतकी विमानं का पडत होती, यात गूढ काही नाही. प्रशिक्षणाची युनिटं घाईत होती. मोहिमांवर माणसं इतक्या वेगाने खर्ची पडत होती की त्यांच्या जागी नवी तयार करायला काही आठवडेच मिळत. शिकाऊंच्या हाती बहुधा आघाडीवर वापरून जुनी झालेली विमानं येत. रडारची मदत नाही, उपग्रह तर कल्पनेतही नाहीत. नॅव्हिगेटरने वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून कागदावर रेघ ओढायची आणि आपण इथे असू असं मानायचं. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला की तासाभरात विमान कित्येक मैल बाजूला सरकलेलं असायचं, आणि खाली ढग असले तर चूक समजायला मार्गच नाही. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. निघताना तळावरच्या दाबाप्रमाणे तो लावायचा, पण पुढे कमी दाबाच्या प्रदेशात शिरलं की तोच काटा खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. वादळ म्हणजे बहुतेक वेळा कमी दाबच. वैमानिकाला वाटतं खाली भरपूर हवा आहे, आणि खाली गडगा असतो. त्यातच पंखांवर बर्फ चढतं, विमान जड होतं, पंखांचा आकार बिघडून ते वर धरून ठेवणं कठीण होतं, इंजिनाचा श्वास कोंडतो. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांनी हे सगळं एकाच वेळी, परक्या देशाच्या आकाशात सांभाळायचं होतं.

त्या घाईचं एक टोक पुढे मे १९४२ च्या अखेरीस दिसलं. कोलोन शहरावर हजार विमानांनी एकाच रात्री हल्ला करायचा असं ठरलं, पण आघाडीच्या स्क्वाड्रनांकडे एवढी विमानं नव्हतीच. शेवटी १,०४७ विमानं उडाली आणि त्यांतला मोठा भाग प्रशिक्षण युनिटांतून आणलेला होता. काही विमानांत शिक्षक होते, काहींत अजून शिकत असलेली मुलं. सराव आणि लढाई यांच्यामध्ये आपण कल्पनेत जी भिंत बांधतो, ती बॉम्बर कमांडने स्वतःच त्या रात्री काढून टाकली.

उत्तर स्कॉटलंडमधल्या बेन मोर असिंट डोंगरावरची अशीच एक हकिगत आहे. १३ एप्रिल १९४१ ला किनलॉसच्या प्रशिक्षण युनिटमधून निघालेलं एक अॅन्सन विमान तिथे बर्फात बेपत्ता झालं. या युनिटमध्ये बॉम्बरचे चमू तयार होत. सहा जण होते. ते सापडले सहा आठवड्यांनी, मे महिना संपत आला तेव्हा. त्या उंचीवरून, त्या वाटांनी सहा देह खाली आणणं अवघड होतं, म्हणून त्यांना जिथे विमान पडलं तिथेच पुरलं आणि वर दगडांची रास रचली. दगड वर्षानुवर्षं ढासळत राहिले. शेवटी २०१३ मध्ये सुमारे ६०० किलो वजनाची ग्रॅनाइटची शिळा शिनूक हेलिकॉप्टरने वर नेऊन बसवली गेली. बहात्तर वर्षांनंतर कोणीतरी त्या सहा जणांसाठी हेलिकॉप्टर पाठवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एवढा खर्च कशाला, असं विचारणारे तेव्हाही असतील. माझ्या मते तो खर्च योग्य होता.

या अपघातांमधून एक चांगली गोष्टही उभी राहिली. वेल्समध्ये स्नोडोनियाच्या पायथ्याशी लँडुरोग नावाचा तळ होता. आसपासच्या डोंगरांवर विमानं पडत आणि तिथला वैद्यकीय अधिकारी जॉर्ज ग्रॅहम याला हे पाहवेना. जखमी माणूस अपघातातून वाचतो आणि मग मदत पोहोचेपर्यंत थंडीने मरतो. त्याने तळावरची माणसं जमवली, दोर, स्ट्रेचर, वायरलेस यांची जुळवाजुळव केली, डोंगर चढायला शिकवलं. १९४३ मध्ये हवाई दलाने या कामाला अधिकृत मान्यता दिली आणि रॉयल एअर फोर्सच्या पर्वत-बचाव पथकांची ती सुरुवात ठरली. सादोफ्स्कीला याचा उपयोग झाला नाही. त्याच्यानंतरच्या कितीतरी जणांना झाला.

आता ते पोलिश का होते, याकडे येते. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. पोलिश हवाई दलातली हजारो माणसं रुमानिया, हंगेरीमार्गे निसटून फ्रान्सला गेली आणि फ्रान्स पडल्यावर ब्रिटनला आली. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रॅमकोटलाच पहिली पोलिश बॉम्बर स्क्वाड्रनं उभी राहिली आणि पुढे तिथल्या १८ क्रमांकाच्या प्रशिक्षण युनिटमध्ये त्यांच्यासाठी नवे चमू तयार होऊ लागले. मीटर आणि किलोमीटरमध्ये शिकलेल्या लोकांना फूट आणि मैलांत विचार करायला शिकायचं होतं, वायरलेसवर इंग्रजी ऐकायचं होतं. घरचे लोक व्याप्त प्रदेशात अडकलेले. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून काही पोलिश वैमानिक खोट्या नावाने उडत. इंग्रज वैमानिक गेला तर त्याच्या घरी तार जाई. पोलिश वैमानिक गेला तर तार पाठवायची कुठे?

हे वाचताना मी कोल्हापूरची आहे याची मला सतत आठवण होत राहिली. लहानपणी दिवाळीचे कपडे घ्यायला आम्ही गांधीनगरला जायचो. कापडाची ओळीने दुकानं, गर्दी, भाव करणाऱ्या बायका. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही पेठ आहे एवढंच तेव्हा माहीत होतं. त्यांच्या आधी, १९४३ ते १९४८ या काळात, त्याच जागेवर वळिवडेची पोलिश छावणी होती, हे फार उशिरा समजलं. सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथे राहत होते, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. १९४० च्या सुमाराला सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पोलंडच्या निर्वासित सरकारशी सोव्हिएतांनी करार केला आणि हे लोक सुटले. इराणमार्गे काही हजार जण हिंदुस्थानात आले. पंचगंगेच्या काठच्या त्या बराकींत त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, स्काउटची पथकं काढली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

छावणीत बायका आणि मुलंच जास्त का, याचं उत्तर सोपं आहे. धडधाकट पुरुष लढायला गेले होते. बरेचसे सोव्हिएत रशियात उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात, काही जण थेट ब्रिटनला, हवाई दलात आणि नौदलात. १९४२ च्या सुरुवातीला सोव्हिएत रशियातून असे पोलिश स्वयंसेवक ब्रिटनला पाठवले गेले. बकडन पाइकवरच्या पाच जणांपैकी कोणाचं कोणी वळिवड्याला होतं असं माझं म्हणणं नाही. पण त्याच देशाच्या त्याच पिढीचे हे दोन तुकडे होते. एकाची दुपार यॉर्कशरच्या बर्फात गेली आणि दुसऱ्याची कोल्हापूरच्या उन्हात, आपल्या माणसाची खबर येईल म्हणून वाट बघत. आपण कोल्हापूरकर वळिवड्याची आठवण काढतो तेव्हा आपल्या पाहुणचाराबद्दल बोलतो, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. त्या बायका ज्यांची वाट बघत होत्या त्यांच्याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

फुश्न्याकला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. १९७३ मध्ये त्याने डोंगरावर, विमान पडलं त्या जागी, क्रूस उभारला. तो पांढरा क्रूस गडग्याच्या कडेला आहे. पायथ्याच्या काँक्रीटमध्ये विमानाचे खरे तुकडे बसवलेले आहेत, आणि तिथेच धातूचं एक छोटं खोकडाचं डोकं. कोरलेल्या मजकुरात देवाचे, सरायच्या कुटुंबाचे आणि गावकऱ्यांचे आभार आहेत, पाच पोलिश वैमानिक इथे गेले आणि इंग्लंडमधल्याच न्यूअर्क गावी पुरले आहेत असं लिहिलं आहे. खाली सही करावी तसं फक्त ‘वाचलेला’. स्वतःचं नाव त्याने घातलं नाही. तीस वर्षांनंतर त्याच डोंगरावर सिमेंट आणि दगड चढवणाऱ्या माणसाच्या मनात त्या दुपारचं किती उरलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी खात्री आहे की तो क्रूस त्याने सादोफ्स्कीसाठी चढवला. बाकीच्या चौघांना वाचवणं त्याच्या हातात नव्हतंच. सादोफ्स्कीला पॅराशूटमध्ये गुंडाळून तो निघाला होता, आणि निघताना माणूस काय म्हणतो ते सांगायला लागत नाही: मी येतो.

न्यूअर्कच्या दफनभूमीत सुमारे चारशे पोलिश सैनिक-वैमानिक आहेत. निर्वासित सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की १९४३ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांनाही तिथेच पुरलं होतं. १९९३ मध्ये त्यांचे अवशेष क्राकूला नेले गेले. साध्या वैमानिकांना कोणी नेलं नाही, आणि खरं सांगायचं तर युद्ध संपल्यावर जिवंत असलेल्यांनाही परत जाण्यासारखं उरलं नव्हतं. पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली गेला. पूर्व पोलंडचा जो भाग वळिवड्याच्या कितीतरी कुटुंबांचं घर होता, तो तर देशाच्या सीमेबाहेरच गेला. १९४७ मध्ये ब्रिटिश संसदेने पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि लढलेल्या माणसांना तिथेच राहू दिलं.

मग हिंदुस्थानातल्या छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. ज्यांचा नवरा, भाऊ किंवा मुलगा ब्रिटनमध्ये होता त्या बायका १९४७-४८ मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या. घरं नव्हती, म्हणून या पोलिश कुटुंबांना जागा मिळाली ती लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत आणि वापरातून गेलेल्या हवाई तळांवर, पत्र्याच्या अर्धगोल निसेन झोपड्यांत. पाच-सहा वर्षांपूर्वी असल्याच झोपड्यांतून कुयावा, पोल्चिक आणि त्यांच्यासारखी मुलं सकाळी उड्डाणाला निघत असत. वळिवड्याच्या उन्हात वाढलेल्या मुलांनी तिथे पहिला इंग्लिश हिवाळा काढला.